पेटीचा कोपरा

विद्यार्थिमित्रहो, आपल्या घरांत आजोबांच्या वेळची एखादी सागवानी पेटी असेल, तर ती एकदां अंगणांतील उजेडांत आणून तिचा कोपरा नीट पहा. ती चांगल्या कारागिराच्या हातची असेल तर त्या कोपऱ्यावर खिळ्याचें डोकें दिसणार नाहीं. दोन हातांचीं बोटें एकमेकांत गुंफावीं तशीं दोन फळ्यांचीं टोकें तेथें गुंतलेलीं दिसतील, आणि त्यांतील कांहीं बोटें टोकाशीं रुंद व मुळाशीं अरुंद असतील. पारव्यानें शेपूट पसरलें म्हणजे त्याचा आकार असाच होतो. म्हणून या सांध्यास इंग्रजींत ‘डव्हटेल’, म्हणजे पारव्याचें शेपूट, असें नांव पडलें, व शाळांच्या कारखान्यांतून तेंच नांव रूढ झालें. हा सांधा हातानें कसा कापावा, त्याच्या आकारांत कोणतें तत्त्व आहे, आणि हायस्कुलांतील विद्यार्थ्यानें तो शिकण्यांत वेळ कां घालवावा, या तीन प्रश्नांचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

यांपैकीं तिसरा प्रश्न माझा स्वतःचा नव्हे. एका विद्यार्थ्याचे वडील मला भेटावयास आले होते. ते कचेरींत कारकून आहेत. ते म्हणाले, “मास्तर, माझ्या वडिलांचा सारा जन्म रंध्यावर गेला. त्यांनीं पोटाला चिमटा घेऊन मला शिकविलें, तें माझ्या मुलानें पुन्हां रंधा धरावा म्हणून नव्हे. दर शनिवारीं हा भुशानें माखून घरीं येतो. हें त्याला कशासाठीं?” त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता, काळजी होती; आणि ती काळजी रास्त होती. त्या दिवशीं मीं त्यांना जें उत्तर दिलें तें मला स्वतःलाच अपुरें वाटलें. पुरतें उत्तर देण्यास आधीं सांधाच समजावून सांगावा लागतो. म्हणून तो प्रश्न तूर्त बाजूस ठेवून आपण लाकडाकडे वळूं.

लाकडाचे तंतु झाडाच्या उंचीच्या दिशेनें धांवतात. गवताची पेंढी जशी आडवी मोडणें कठिण पण उभी उकलणें सोपें, तसेंच लाकडाचें आहे. तंतूंच्या दिशेनें तें फार बळकट असतें. तंतूंना आडवें ओढल्यास सहज फाटतें. आतां दोन फळ्या कोपऱ्यांत काटकोनांत भिडविल्या, तर एका फळीचें कापलेलें टोक दुसरीच्या अंगास लागतें. या टोकांत सर्व तंतूंचीं तोंडें उघडीं असतात. तेथें सरस लावला तर तीं तोंडें तो शोषून घेतात, व चिकटण्यास पृष्ठभागावर थोडाच उरतो. खिळा ठोकला तर तो तंतूंच्या मधून शिरतो व तितक्याच सहजतेनें निसटूं शकतो. म्हणून नुसता भिडविलेला कोपरा, त्यावर सरस असो वा खिळे असोत, पेटीचा सर्वांत दुबळा भाग असतो.

डव्हटेल सांध्यानें या अडचणीवर दोन उपाय एकाच वेळीं केलेले आहेत. पहिला उपाय आकाराचा. शेपटाचें टोक रुंद व मूळ अरुंद असल्यामुळें तें ज्या फळीचें शेपूट आहे ती फळी आपल्या लांबीच्या दिशेनें ओढली तरी तें खांचेंतून बाहेर येऊंच शकत नाहीं. ज्या वाटेनें तें आंत शिरलें त्याच एका वाटेनें तें निघेल. दुसरा उपाय पृष्ठभागाचा. शेपटांच्या व त्यांच्यामधील पिनांच्या कडा एकमेकींस टेकतात, त्या ठिकाणीं तंतूंचीं तोंडें नसून त्यांच्या बाजू असतात. आणि अशा जागीं सरस उत्तम धरतो. एका दिशेस आकार राखतो व दुसऱ्या दिशेस सरस राखतो. टेबलाच्या खणाचें उदाहरण घ्या. खण उघडतांना आपण त्याचा दर्शनी भाग दररोज आपल्याकडे ओढतों. म्हणून शेपटें खणाच्या बाजूच्या फळ्यांवर व पिना दर्शनी फळीवर ठेवतात. उलट ठेवल्यास सर्व ताण एकट्या सरसावर पडेल. दोन्ही टोकांस कड्या असलेल्या पेटीसही हाच नियम लागतो: लांब फळ्यांवर शेपटें, आंखूड फळ्यांवर पिना.

हा सांधा फार पुरातन आहे. प्राचीन इजिप्तच्या थडग्यांत सांपडलेल्या लाकडी सामानांत तो आढळतो. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वींच्या सुतारास लाकडाचा हा स्वभाव पुरता ठाऊक होता. यूरोपांत सतराव्या शतकांत खणांचीं कपाटें प्रचारांत आलीं, त्याबरोबर हा सांधा तिकडील घराघरांत पोंचला. पुढें अमेरिकेंत इ. स. १८६७ मध्यें चार्ल्स नॅप यानें खणांचे कोपरे यंत्रानें जोडण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें. परंतु त्या यंत्राला पारव्याचें शेपूट साधलें नाहीं, म्हणून त्यानें अर्धचंद्रासारख्या गोल खांचा व त्यांत गोल खुंट्या अशी योजना केली. एखाद्या जुन्या अमेरिकन खणाच्या कोपऱ्यांत अशीं अर्धगोल वर्तुळें दिसलीं, तर तो खण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या तीस-पस्तीस वर्षांतला असावा असा जाणते लोक तर्क करतात. आज यंत्रें खरें डव्हटेलही झरझर कापतात. तरीही हाताचें काम ओळखूं येतें, कारण हातानें कापलेल्या पिना शेपटांच्या मानानें पुष्कळ निमुळत्या ठेवतां येतात. यंत्राच्या कामांत त्या बहुधा शेपटांइतक्याच रुंद व सर्व एकसारख्या असतात.

आतां प्रत्यक्ष कामास लागूं. हत्यारें थोडींच लागतात. बारीक दांत्यांची एक लहान करवत, जिच्या पाठीवर पितळेची अगर लोखंडाची पट्टी बसविलेली असते. एका इंचांत पंधराच्या आसपास दांते असावे. दोन पटाश्या, एक पाव इंची व एक किंचित् रुंद. एक रंधा. काटकोन पाहण्यास गुण्या, व तिरकी रेघ ओढण्यास ज्याचें पान हव्या त्या कोनांत फिरतें असा तिरका गुण्या. फळीच्या टोकाशीं समांतर रेघ ओढण्याचें मार्किंग गेज. एक लाकडी हातोडा, एक टोंकदार चाकू व एक पेन्सिल. आपल्या खेड्यांतील सुतार भुईवर बसून फळी पायांत धरतो व उत्तम काम करतो. शाळेंत मेजावर शेगडा असतो, त्यांत फळी घट्ट धरावी.

सर्वांआधीं पटाशीस धार लावावी. तिची सपाट पाठ दगडावर आरशासारखी होईपर्यंत घासावी, आणि उतरती बाजू सुमारें ३० अंशांच्या कोनांत धरून धार काढावी. धार झाली कीं नाहीं हें अंगठ्यानें पाहूं नये. एखाद्या मऊ लाकडाच्या टोकावरून पातळ ढलपी काढावी; मागें राहिलेली जागा चकचकीत दिसली तर धार झाली, आणि पांढुरकी व भुसभुशीत दिसली तर झाली नाहीं. बोथट पटाशीनें हा सांधा आजवर कोणास साधलेला नाहीं.

समजा, १२ इंच लांब, ८ इंच रुंद व ५ इंच उंच अशी पेटी करावयाची आहे, व फळी अर्धा इंच जाड आहे. सुताराच्या मापांत इंचाचे आठ भाग करतात व एका भागास सूत म्हणतात; मिलिमीटरच्या मापानें एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरांहून थोडें अधिक. तेव्हां आपली फळी ४ सूत जाड व ४० सूत रुंद झाली. या सांध्यांत प्रत्येक फळीचें टोक आरपार बाहेरपर्यंत जातें, म्हणून फळ्या पेटीच्या बाहेरील मापाइतक्याच लांब कापाव्या: दोन १२ इंची व दोन ८ इंची. चारही फळ्यांचे तंतु पेटीभोवतीं आडवे धांवले पाहिजेत. पावसाळ्यांत लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेनें फुगतें व उन्हाळ्यांत आकसतें. लांबींत मात्र जवळजवळ फरक पडत नाहीं. चारही फळ्या एकाच रीतीनें ठेवल्या म्हणजे त्या बरोबरच फुगतात व बरोबरच आकसतात, आणि सांध्यावर ताण येत नाहीं. सागवान या कामीं पसंत करतात याचें एक कारण हेंच, कीं तें इतर पुष्कळ लाकडांच्या मानानें कमी हलतें.

फळ्या रंधून सपाट कराव्या, आणि टोकें गुण्यास बरोबर उतरलीं पाहिजेत. येथें केसभर चूक राहिली तर ती पुढें चारही कोपऱ्यांत दिसेल. मग प्रत्येक फळीची आंतली बाजू ठरवून तिच्यावर खूण करावी, आणि चार कोपऱ्यांस एक ते चार असे आंकडे द्यावे. भिडणाऱ्या दोनही टोकांवर एकच आंकडा असावा. विद्यार्थी ही पायरी क्षुल्लक समजून टाळतात, आणि अखेरीस एक शेपूट उलट्या बाजूस कापून बसतात.

नंतर मार्किंग गेज फळीच्या जाडीहून अगदीं किंचित् अधिक अंतरावर लावून प्रत्येक टोकाशीं रेघ ओढावी. ही पायारेघ. याच्या पलीकडे करवत किंवा पटाशी कधींही जातां कामा नये. यानंतर शेपटांचा उतार ठरवावा. सागवानासारख्या कठिण लाकडास आठास एक, व देवदारासारख्या मऊ लाकडास सहास एक, असा उतार देण्याची वहिवाट आहे. उतार फार दिला तर शेपटाच्या कोपऱ्यांतील तंतु आंखूड होऊन ते कोपरे तुटतात. फार कमी दिला तर शेपूट खुंटीसारखें सरळ होऊन त्याची पकड जाते. आठास एक उतार काढण्याची रीत सोपी आहे. एका टाकाऊ फळीच्या कांठास काटकोनांत ८ इंच लांब रेघ ओढावी; जेथें ती कांठास मिळते तेथून कांठावरच १ इंच बाजूस खूण करावी; ती खूण व रेघेचें वरचें टोक जोडावें, आणि तिरका गुण्या त्या रेघेवर बसवून घट्ट करावा.

आतां १२ इंची फळीच्या टोकावर खुणा कराव्या. एका कांठापासून आरंभ करून २ सूत सोडावीं, मग १० सूत शेपूट, ३ सूत जागा, १० सूत शेपूट, ३ सूत जागा, १० सूत शेपूट, आणि शेवटीं पुन्हां २ सूत. बेरीज करून पहा, बरोबर ४० भरतील. या खुणांतून टोकावर काटकोनांत रेघा ओढाव्या, व तेथून फळीच्या अंगावर तिरक्या रेघा पायारेघेपर्यंत आणाव्या. फळी ४ सूत जाड व उतार आठास एक, म्हणून प्रत्येक तिरकी रेघ अर्धें सूत आंत सरकते. पायारेघेवर शेपूट ९ सूत उरतें व मधील जागा ४ सूत होते. जो भाग काढून टाकावयाचा त्यावर पेन्सिलीनें फुली मारावी. फुली मारल्याशिवाय करवत हातीं घेऊं नये.

करवतीनें कापतांना फळी शेगड्यांत थोडी कलती धरावी, म्हणजे तिरकी रेघ ओळंब्यांत येईल व हात सरळ चालेल. दाब देऊं नये. करवतीचें वजनच पुरे. करवत फुलीच्या बाजूस चालावी आणि पायारेघेशीं थांबावी. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. कापणी तिरक्या रेघेवरून किंचित् ढळली तरी बिघडत नाहीं, परंतु फळीच्या जाडींतून ती काटकोनांतच गेली पाहिजे. याचें कारण पुढें कळेल.

शेपटांमधील लाकूड पटाशीनें काढावें, व दोन बाजूंच्या २ सुतांच्या चकत्या करवतीनेंच कापाव्या. पटाशी प्रथम पायारेघेवर ठेवूं नये. रेघेच्या थोडी अलीकडे, फुलीच्या बाजूस, ठेवावी. पटाशी पाचरीच्या आकाराची असते. हातोडा बसला कीं तिची उतरती बाजू तिला मागें रेटते, व रेघेवरच ठेवली असली तर ती रेघ ओलांडते. आधीं मधलें लाकूड निघूं द्यावें. अर्ध्या जाडीपर्यंत एका बाजूनें कापावें, मग फळी उलटून उरलेलें दुसऱ्या बाजूनें कापावें; आरपार ठोकल्यास खालच्या बाजूचे तंतु फुटून निघतात. शेवटची पातळ ढलपी मात्र बरोबर रेघेवर पटाशी ठेवून घ्यावी. खांचेचा तळ सपाट असावा. मधें तीळभर खोलगट चालेल, पण उंचवटा राहिला तर सांधा कधींच बसणार नाहीं.

आतां या कामाचें मर्म येतें. पिनांच्या खुणा मोजपट्टीनें करावयाच्या नाहींत. ८ इंची फळी शेगड्यांत उभी धरावी, आणि कापून तयार झालेलीं शेपटें तिच्या टोकावर आडवीं ठेवावीं. दोन्ही फळ्यांचे कांठ जुळवावे, आणि शेपटांची पायारेघ उभ्या फळीच्या आंतल्या कडेशीं बरोबर आणावी. मग एका हातानें दाबून धरून चाकूच्या टोकानें शेपटांच्या कडेनें रेघा मारून घ्याव्या. अशा रीतीनें पहिली फळीच दुसरीचें माप होते. शेपूट थोडें वांकडें कापलें गेलें असेल तर पिनेची रेघही तितकीच वांकडी उमटेल, आणि दोन्ही जुळतील. पहिल्या फळीची चूक दुसरी सांभाळून घेते. परंतु दुसरीची चूक सांभाळून घेण्यास तिसरें कोणी नसतें. म्हणून येथून पुढें रेघ हाच कायदा. चाकूच्या रेघांपासून गुण्यानें पायारेघेपर्यंत उभ्या रेघा आणाव्या, जेथें शेपटें बसावयाचीं तेथें फुल्या माराव्या, आणि करवत फुलीच्या बाजूनें, रेघेस चिकटून पण रेघ शाबूत राखून चालवावी. रेघ अर्धी दिसेनाशी झाली तरी सांधा सैल झाला असें समजावें. मधील लाकूड पूर्वींप्रमाणेंच पटाशीनें काढावें. (कांहीं कारागीर आधीं पिना कापून त्यांवरून शेपटें आंखतात. तीही रीत चांगली आहे; तत्त्व एकच.)

सांधा जुळवून पाहतांना घाई करूं नये. दोन फळ्या एकमेकींवर ठेवून, वर टाकाऊ लाकडाचा तुकडा धरून, हातोड्यानें हलके ठोके द्यावे. सांधा नीट उतरत असला म्हणजे ठोक्याचा आवाज हळूहळू भरीव होत जातो. अडला तर जोर न करितां सोडवावा. जेथें लाकूड दाबून चकचकीत झालें असेल तेथें पटाशीनें कागदाइतकी ढलपी काढावी. सांधा वारंवार जोडून सोडवूं नये. प्रत्येक वेळीं तंतु चेपतात व पकड ढिली होते. अर्धा उतरला व घट्ट वाटला कीं पुरे. पुरता उतरविणें सरस लावण्याच्या वेळचें काम.

सरस पातळ लावावा, शेपटांच्या व पिनांच्या कडांना. पूर्वीं हाडांचा व कातड्याचा सरस गरम पाण्याच्या भांड्यांत ठेवून वापरीत. आतां बाजारांत तयार पांढरा सरस मिळतो, व तो सोईचा आहे. चारही कोपरे बसल्यावर पेटीचे दोन कर्ण मोजावे. ते सारखे असले तर पेटी काटकोनांत आहे; एक अधिक भरला तर त्याच दिशेनें कोपरे हलके दाबावे. वाळल्यावर टोकें जी केसभर बाहेर आलेलीं असतील तीं रंध्यानें साफ करावीं, पण रंधा बाहेरून आंत चालवावा. आंतून बाहेर चालविल्यास कांठ फुटतो. तळास प्लायवुडची पातळ फळी खालून स्क्रूनें बसवावी, आणि हवें तर बिजागऱ्यांवर झांकण लावावें. पेटी झाली.

सांध्यांत फट राहिली तर काय करावें, हें प्रत्येक विद्यार्थी विचारतो. त्याच लाकडाची पातळ चीप कापून, सरस लावून ती फटींत बसवावी, हा प्रामाणिक उपाय. दुसराही एक उपाय आहे, आणि तो मीं स्वतः केलेला असल्यामुळें सांगतों. विद्यार्थिदशेंत असतांना आमच्या गांवच्या देवळाकरितां दानपेटी करण्याचें काम माझ्याकडे आलें. पिना कापतांना मीं चारही कोपऱ्यांत रेघ ओलांडली. पुन्हां कापावयाचें म्हणजे नवी फळी मागावी लागली असती, व चूक सर्वांस कळली असती. मीं भुसा व सरस कालवून फटी भरल्या, वरून घासून पॉलिश चढविलें. पेटी सुंदर दिसली. पाळकसाहेबांनीं सर्वांसमक्ष माझें कौतुक केलें, आणि मीं तें घेतलें. भर पावसाळ्यांत एका रविवारीं उपासनेनंतर एका वृद्ध बाईनें ती पेटी वेदीकडे नेण्यास उचलली, तोंच ओल्या हवेनें मऊ झालेला तो लगदा सुटला, कोपरा उघडला, आणि गरिबांच्या घामाचीं नाणीं बांकांखालून सगळ्या फरशीवर धांवलीं. ती बाई बिचारी आपल्याच हातून अपराध झाला असें समजून रडूं लागली. मला तें पाहवलें नाहीं. मीं उठून काय केलें होतें तें सांगितलें.

आमचे मिस्त्री रागावले नाहींत. त्यांनीं माझ्या हातांत नवी फळी दिली व इतकेंच म्हणाले, “सरसानें लाकूड जोडतां येतें, पोरा, वाईट कापणें सुधारतां येत नाहीं. पुन्हां काप.” दुसऱ्या पेटीस मला सव्वा महिना लागला. तिच्यावर पॉलिश साधारण होतें, पण ती उघडली नाहीं.

याच सांध्याचा एक प्रकार आहे, त्याचाही येथें उल्लेख करावासा वाटतो. त्यास गुप्त डव्हटेल म्हणतां येईल. त्यांत शेपटें व पिना सर्व कापून, बाहेरून मात्र दोन फळ्या तिरक्या कापून नुसत्या मिळविल्यासारख्या दिसतात. आंतील काम कोणासही दिसत नाहीं. हा प्रकार सर्वांत अवघड, आणि त्याचें श्रेय कापणाऱ्याच्या मनाखेरीज कोठेंच जमा होत नाहीं. जें दिसणार नाहीं तेंही नीट कापणारा कारागीर माझ्या दृष्टीनें फार मोठा मनुष्य होय.

आतां त्या पालकांच्या प्रश्नाकडे येतों. हातकामास शाळेंत स्थान द्यावें हा विचार नवा नाहीं. फिनलंडमध्यें ऊनो सिग्नेउस यांच्या खटपटीनें इ. स. १८६६ पासून प्राथमिक शाळांत हस्तव्यवसाय शिकवूं लागले; स्वीडनमध्यें नेस येथें ओटो सालोमन यांनीं देशोदेशींच्या शिक्षकांस लाकूडकामाचें शिक्षण दिलें. त्यांचा हेतु सुतार तयार करण्याचा नव्हता. डोळा, हात व बुद्धि यांस एकत्र वळण लावण्याचा होता. आपल्याकडे इ. स. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्धा येथें महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें उद्योगाच्या द्वारें शिक्षणाची योजना मांडली. तिच्याही मुळाशीं हाच विचार होता. आणि आम्हां ख्रिस्ती लोकांस तर याविषयीं वेगळें सांगावयास नको. निर्गमाच्या पुस्तकांत बसालेल नांवाच्या कारागिराचें कौशल्य हें देवाच्या आत्म्याचें दान म्हणून वर्णिलें आहे. आणि आपला प्रभु नासरेथकरांस सुतार म्हणूनच ठाऊक होता.

परंतु त्या पालकांचा आक्षेप याहून खोल होता, व तो मान्य केला पाहिजे. ज्या घरास रंधा निवडतां आला नाहीं, तर जन्मानें गळ्यांत बांधला गेला, त्या घरास श्रमाच्या थोरवीचें व्याख्यान ऐकविणें शोभत नाहीं. त्यांच्या वडिलांनीं त्यांस त्यांतून बाहेर काढलें तें योग्यच केलें. माझें म्हणणें इतकेंच, कीं सक्तीचें ओझें टाकून देतांना त्याबरोबर घरांतील विद्याही टाकून देऊं नये. आणि ज्या मुलांच्या घराण्यांत कधीं कोणी करवत धरली नाहीं, त्यांनीं तर ती अवश्य धरावी. म्हणजे सुताराच्या बुद्धीचें मोल त्यांना कळेल, आणि त्याच्याशीं बोलतांना त्यांचा आवाज आपोआप खालीं येईल. शिवाय वहींतील चूक खोडतां येते, बोलण्यांतील चूक सारवतां येते. लाकडांतील चूक जशीच्या तशी समोर उभी राहते. कोंवळ्या वयांत असा एक तरी निःपक्षपाती परीक्षक भेटणें हें मोठें भाग्य आहे.

शाळेच्या प्रदर्शनाच्या दिवशीं ते गृहस्थ पुन्हां आले. त्यांच्या मुलाची पेटी मेजावर होती. त्यांनीं ती उचलली, उजेडाकडे वळविली, आणि अंगठ्याचें नख कोपऱ्यावरून हळूच फिरविलें. तिसऱ्या कोपऱ्याशीं तें अडलें. ते मुलास म्हणाले, “येथें तूं रेघ खाल्लीस.” मुलगा खालीं पाहत म्हणाला, “होय बाबा. पण मीं भुसा भरला नाहीं, चीप बसवली.” वडिलांनीं ती चीप शोधून काढण्यास बराच वेळ लावला. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, “माझ्या वडिलांच्या पटाश्या घरीं माळ्यावर पडल्या आहेत, मास्तर. गंजल्या असतील. पण धार लागेल.”

विद्यार्थिमित्रहो, आपल्याही घराच्या माळ्यावर एकदां पाहून या.